चार बेटांचा पेटारा

आधी बोटं काढा बघू माझ्या फटीतून. हां. आता बसा निवांत. मी पेटारा आहे आणि मला चावायची खोड आहे, हे अगोदर सांगितलेलं बरं. आजवर माझ्या झाकणात चौदा अधिकाऱ्यांची, दोन मंत्र्यांची आणि एका बिशपची बोटं सापडली आहेत. बिशपचं चुकून झालं. बाकीची मुद्दाम.

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. झाकणाच्या आतून वर्तमानपत्राची जुनी पानं चिकटवली आहेत, तेवढीच माझी शाळा. त्यातलं एक पान नेमकं खालून फाटलंय, म्हणून त्या सामन्यात शेवटी कोण जिंकलं ते मला अजून कळलेलं नाही. विचारायची लाज वाटते.

माझा जन्म कॅरिॲकू बेटावरचा. नकाशात शोधायला जाऊ नका. माशी बसली की झाकलं जातं. तिथं विंडवर्ड गावात किनाऱ्यावरच होड्या बांधतात. म्हातारा अल्फियस हा तिथला होडीवाला सुतार, तोच माझा बाप. त्याच्या एका नव्या होडीतून पांढऱ्या सीडर लाकडाच्या चार फळ्या उरल्या, त्यातून मी झालो. होडी पाण्यात सोडायच्या दिवशी आमच्याकडे बकरा कापतात, रम शिंपडतात, ढोल वाजतात. बकरा होडीचा होता, पण अल्फियसनं रमचे चार थेंब माझ्या चार कोपऱ्यांवरही टाकले. तेव्हापासून मी जरा तिरका आहे.

अल्फियसनं मला बनवलं ते लेकासाठी. लेकाचं नाव कॉस्मस. विकेटकीपर. विंडवर्डच्या वाळूत नारळाच्या झावळीच्या बॅटनं खेळून तयार झालेला, हात असे की उडता मासा पकडेल आणि त्याची माफी मागून परत पाण्यात सोडेल. अल्फियसनं शिडाच्या दोऱ्यानं त्याच्यासाठी चामड्याचे ग्लोव्हज शिवले, माझ्या तळाशी एक फळी सैल ठेवून तिच्याखाली दडवले आणि म्हणाला, "बाळा, हे असे कोरे परत आणू नकोस. एकदा तरी खऱ्या मैदानाच्या मातीनं मळू देत."

कॉस्मस मला खांद्यावर घेऊन निवड चाचणीला गेला. तीन दिवस चाचणी झाली. चौथ्या दिवशी यादी लागली. त्यात मी होतो, कॉस्मस नव्हता.

हसू नका. खरं सांगतोय. निवड समितीतले ग्रेनाडाचे सभासद मिस्टर बेल्फॉन यांचा जायफळाचा धंदा. मी त्यांना जायफळवालेच म्हणणार, कारण ते बोलले की तोंडाला तोच वास यायचा. ते माझ्याभोवती दोनदा फिरले, टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "पेटारा उत्तम आहे. संघाला असा पेटारा पाहिजेच. पोरा, तुझं काय रे, तू कुठला?"

"कॅरिॲकूचा, साहेब."

"म्हणजे ग्रेनाडाचाच. ग्रेनाडाची माणसं भरली. पण हे बघ, एवढं जड धूड उचलणार कोण? तू ये की सामानाबरोबर!"

असा कॉस्मस संघात आला. माझ्या मागून.

आमचा संघ म्हणजे ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया आणि डॉमिनिका अशा चार बेटांचं एक बिऱ्हाड. पूर्वी वरची, उत्तरेकडची बेटंही आमच्यात होती. ती वेगळी निघाली तेव्हा दोन्हीकडच्यांना वाटलं, आता भांडणं निम्मी होतील. भांडणं होती तेवढीच राहिली, फक्त प्रवास निम्मा झाला. मोठ्या बेटांचं सुख वेगळं. बार्बाडोसचा संघ बार्बाडोसचा. त्यांना फक्त सामना जिंकायचा असतो. आम्हाला आधी आपापसात जिंकावं लागतं, मग उरलेल्या ताकदीनं त्यांच्याशी हरावं लागतं.

संघ निवडायचा नियम सोपा होता. प्रत्येक बेटाचे दोन गडी पक्के. आठ झाले. उरलेल्या तीन जागा वाटून घ्यायच्या, पण कुठल्याही बेटाचे तीनाच्या वर नाहीत. चौथा घेतला तर त्या बेटाखेरीज बाकी तिन्ही बेटांवर वर्तमानपत्रं पेटतात. कोण चांगलं खेळतो, हे या नियमात कुठंच येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या कधी आलं नाही.

आणि ही निवड व्हायची कुठं? माझ्या पाठीवर. चारही सभासदांना डॉमिनोचा भारी नाद. मला मधे ठेवून चार बाजूंना चार खुर्च्या. ठाप! सोंगटी आपटायची आणि एक नाव घ्यायचं. ठाप! दुसरं नाव. सेंट व्हिन्सेंटचे पास्टर सगळ्यात जोरात आपटायचे, देवाचा माणूस म्हणून कुणी काही बोलायचं नाही. डॉमिनिकाचे हेडमास्तर सोंगटी हळूच ठेवायचे आणि लगेच वहीत लिहायचे. सेंट लुशियाचे केळीवाले हरायला लागले की चहा मागवायचे. जायफळवाले सगळ्यांच्या सोंगट्या चोरून बघायचे. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं म्हणतात ना? झाकायचं काम माझं, वाकायचं त्यांचं.

अशी बारा वर्षं गेली. शिडाच्या पडावातून, लॉरीतून, आठ माणसांच्या विमानातून मी फिरलो. एकदा वैमानिक म्हणाला, वजन जास्त होतंय, एकाला उतरवा. त्यांनी सलामीच्या फलंदाजाला उतरवलं, मला ठेवलं. तशीही त्याची सरासरी माझ्यापेक्षा फार नव्हती.

कॉस्मस सव्वीसचा होता तो अडतीसचा झाला. रोज सरावाला उभा राहायचा, कारण खरा कीपर कोणीही असला तरी उन्हात दोन तास वाकायला तयार नसायचा. सगळे गोलंदाज त्याच्या हातावर तयार झाले. सामना सुरू झाला की तो माझ्यावर येऊन बसायचा. तळाची फळी उचलून ग्लोव्हज बघायचा, तेल लावायचा, परत ठेवायचा. कोरे करकरीत. आता गुडघे कुरकुर करायला लागले होते. ते मला ऐकू यायचे, कारण बसायचा माझ्यावर. मी मनात म्हणायचो, अजून एक वर्ष. फार तर दोन. मग हे ग्लोव्हज माझ्याबरोबरच लाकूड होणार.

त्या वर्षी बार्बाडोसशी सामना सेंट व्हिन्सेंटला होता. आदल्या संध्याकाळी डॉमिनोचा डाव बसला. आठ नावं झाली. आता तीन जागा, आणि त्यातली एक विकेटकीपरची. चारही बेटांचा एकेक कीपर, चौघंही सारखेच बेताचे.

जायफळवाल्यांनी घसा साफ केला. "संघाच्या भल्यासाठी ग्रेनाडा कीपरची जागा सोडतंय. पण मग माझा तिसरा गोलंदाज घ्या." तिसरा गोलंदाज म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा.

"वा! त्याग म्हणतात तो हा!" पास्टर म्हणाले. "मग सेंट व्हिन्सेंट काय मागे राहील? आम्हीही सोडली. आमचा तिसरा फलंदाज तेवढा लिहा." ठाप!

केळीवाले म्हणाले, "आम्हीपण सोडली बाबा. पण कप्तान आमचा अर्विन."

हेडमास्तर लिहिता लिहिता म्हणाले, "डॉमिनिकाही सोडते. मात्र संघाचा मॅनेजर मी. आणि आमच्या सौभाग्यवती बरोबर येतील, त्यांना समुद्राची हवा लागते."

"मान्य!" "मान्य!" चौघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. पास्टरच्या डोळ्यांत पाणी. बारा वर्षांत एवढा समजूतदारपणा मी पाहिला नव्हता. जागा सगळ्यांनी सोडली. घेतली कुणी, हे कुणी विचारलंच नाही. हेडमास्तरांनी वळणदार अक्षरात दहा नावं लिहिली आणि अकराव्या ओळीत लिहिलं, 'विकेटकीपर – ठरल्याप्रमाणे.' खाली चार सह्या.

मला एवढं हसू फुटलं की माझी कडी आपोआप वाजली. केळीवाले म्हणाले, "उंदीर दिसतोय आत."

सकाळी कप्तान अर्विननं गडी मोजले. दहा. परत मोजले, स्वतःला धरून. दहाच.

"मास्तर, कीपर कुठाय?"

"ठरल्याप्रमाणे," हेडमास्तर म्हणाले.

"काय ठरलं होतं?"

मास्तरांनी पास्टरकडे पाहिलं, पास्टरनी केळीवाल्यांकडे, केळीवाल्यांनी जायफळवाल्यांकडे. जायफळवाले आभाळाकडे बघायला लागले, पण तिथंही कोणी कीपर नव्हता. नाणेफेकीला चाळीस मिनिटं.

"माझा भाचा दहा मिनिटांवर राहतो," पास्टर म्हणाले. "चांगला कीपर आहे, प्रार्थनेलाही येतो."

"म्हणजे सेंट व्हिन्सेंटचे चार?" केळीवाले ओरडले. "त्यापेक्षा दहाजण खेळू! माझा मुलगा उद्याच्या विमानानं बोलावतो."

"उद्यापर्यंत चेंडू काय मास्तरांच्या सौभाग्यवतींनी अडवायचा?" अर्विन म्हणाला. मग एकदम थांबला. "कॉस्मस आहे की."

सगळे वळले. कॉस्मस मला ओढत आणत होता, घामानं निथळत.

"चालणार नाही!" पास्टर म्हणाले. "तो ग्रेनाडाच्या बाजूचा. ग्रेनाडाचे तीन झालेत. चार कसे घेता?"

जायफळवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कॉस्मसला ग्रेनाडाचा म्हणावं तर आपला बहिणीचा मुलगा बाहेर जातो. क्षणात म्हणाले, "छे छे! कॅरिॲकू कुठं ग्रेनाडात? मधे समुद्र आहे एवढा!"

"मग मी कुठला, साहेब?" कॉस्मसनं विचारलं. आवाज अगदी साधा. सोडायलाही विसरला मला, तसाच कडी धरून उभा.

चार बेटं, चार मोठी माणसं, आणि एका माणसाला द्यायला वीतभर जमीन नाही.

आता माझी पाळी होती. पास्टर म्हणाले, "ते नंतर बघू, आधी पॅड तरी काढा." आणि माझं झाकण उघडायला वाकले. मी कडी घट्ट आवळली. त्यांनी ओढलं. केळीवाल्यांनी ओढलं. अर्विननं लाथ घातली. मी ढिम्म. बारा वर्षांत मला उघडायची युक्ती एकालाच ठाऊक होती. डाव्या कोपऱ्याला गुडघा टेकवायचा आणि 'चल रे' म्हणायचं.

"बघा," अर्विन कपाळावर हात मारून म्हणाला, "त्याच्याशिवाय आपल्याला पॅडसुद्धा मिळत नाहीत! तो कुठल्याच बेटाचा नाही ना? मग कुणाचेच चार होत नाहीत. लिहा नाव!"

हे गणित चौघांनाही एकदम पटलं. हेडमास्तरांनी अकराव्या ओळीत 'ठरल्याप्रमाणे' खोडून कॉस्मसचं नाव घातलं. बेटाच्या रकान्यात पेन अडलं. दोन क्षण विचार करून त्यांनी लिहिलं, 'सामान'.

कॉस्मसनं ते वाचलं. गुडघा टेकवला, "चल रे," म्हणाला. मी उघडलो. त्यानं तळाची फळी उचलली.

पहिल्या दिवशी पहिल्याच तासात त्याच्या हातून झेल सुटला. सोपा झेल. मैदानाच्या कडेला मर्लमावशी भाजलेला ब्रेडफ्रूट नावाचा फणस आणि तळलेले मासे विकते. तिची जीभ तिच्या तव्यापेक्षा गरम. ती ओरडली, "अगं बाई! सामान उचलणाऱ्याच्या हातून सामान पडलं!" अख्खं मैदान हसलं. जायफळवाले शेजाऱ्याला सांगत होते, "आमचा नाही हो तो. मधे समुद्र आहे."

कॉस्मसनं ग्लोव्हज मातीवर घासले आणि परत वाकला. मग चार दिवस तो वाकलाच होता. गुडघ्यांचा आवाज मला तंबूपर्यंत यायचा. चेंडू मात्र त्याच्या मागे गेला नाही. चार झेल घेतले, एकाला धावचीत केलं. तिसऱ्या दिवशी मर्लमावशीनं स्वतः मासा आणून माझ्यावर ठेवला. "त्या तुझ्या मालकाला दे," मला म्हणाली. माणसं माझ्याशी बोलतात, मी त्यांच्याशी बोललो की मात्र उंदीर म्हणतात.

शेवटच्या दिवशी बार्बाडोसला तीन धावा हव्या होत्या, एक गडी शिल्लक. अर्विननं चेंडू फिरकीवाल्याकडे दिला. कॉस्मस यष्ट्यांना अगदी चिकटून उभा. शेजारच्या विमानतळावर विमान उतरत होतं, आवाजात काही ऐकू येईना. फलंदाज पुढे सरसावला, चेंडू वळला, बॅट हुकली. कॉस्मसचे हात कधी हलले ते मलाही दिसलं नाही. दिसल्या त्या जमिनीवरच्या बेल्स.

पुढचा गोंधळ विचारू नका. केळीवाले रडत होते. मर्लमावशी तवा सोडून मैदानात धावली, मासे जळले.

आणि लगेच, अगदी त्याच घटकेला, कॉस्मसला चार बेटं मिळाली.

"त्याच्या आईची आई डॉमिनिकाची," हेडमास्तर वार्ताहराला सांगत होते. "आमच्या बाजारात बसायची."

"नकाशा बघा," पास्टर म्हणाले, "ती सगळी लहान बेटं खरं तर आमच्याच रांगेतली."

"दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी जेवलाय तो!" केळीवाले.

जायफळवाल्यांनी कॉस्मसच्या गळ्यात हात टाकला. "कॅरिॲकू म्हणजे ग्रेनाडाच. आमचा पोरगा!"

मर्लमावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. "अहो, मधे समुद्र होता ना?"

"आहे ना," जायफळवाले म्हणाले, "पण उथळ आहे."

दुसऱ्या दिवशी ग्रेनाडाच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो. 'ग्रेनाडाचा वीर'. कॉस्मसनं ते पान कापून माझ्या झाकणात चिकटवलं. माझ्या शाळेतला शेवटचा धडा तोच.

आठवड्यानं पुढच्या सामन्याची निवड होती. माझ्याच पाठीवर. ठाप, ठाप, ठाप. कॉस्मसचं नाव निघालं आणि हेडमास्तरांनी वही वर केली. "कॉस्मस, ग्रेनाडा. छापून आलंय तसं. म्हणजे ग्रेनाडाचे चार होतात. मिस्टर बेल्फॉन, कुणाला काढता?"

जायफळवाल्यांनी सोंगटी हातात फिरवली. बहिणीचा मुलगा की कॉस्मस. मग माझ्याकडे पाहत म्हणाले, "तसा तो आता अडतीसचा आहे. आणि पेटारा कोण उचलणार?"

बेट नव्हतं तोवर पोरगा खेळला. बेट मिळालं आणि बाहेर बसला.

निरोप सांगायला अर्विन आला. मान खाली. कॉस्मसनं ऐकून घेतलं, ग्लोव्हज नीट घडी करून आत ठेवले. लाल माती लागली होती, ती झटकली नाही. मग माझ्यातून संघाचे पॅड, यष्ट्या, बॅटी एकेक काढून भिंतीशी मांडल्या.

"हे काय करतोस?" अर्विन म्हणाला.

"संघाचं सामान संघाला. पेटारा माझ्या बापाचा."

त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि दुपारच्या बोटीनं आम्ही घरी आलो. धक्क्यावर म्हातारा अल्फियस उभा होता. सगळा सामना त्यानं रेडिओवर ऐकला होता. त्यानं आधी ग्लोव्हज मागितले, वास घेतला, डोळे मिटले. मग म्हणाला, "रेडिओवाला तुझ्या नावापुढं बेट सांगत नव्हता, तेव्हाच मी म्हटलं, देवा, असंच राहू दे. सांगितलं की काढतील."

आता मी विंडवर्डला, किनाऱ्यावरच्या बदामाच्या झाडाखाली आहे. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. दुपारी एक कोंबडी माझ्यात अंडं घालते आणि बारा सामने जिंकल्यासारखी ओरडते. संध्याकाळी कॉस्मस गावातल्या पोरापोरींना खेळवतो. कुणी कुठल्या वाडीचा ते विचारत नाही. पहिला नियमच तो.

संघ आता कसा चाललाय म्हणता? ऐकतो मी. सामान म्हणे आता केळ्यांच्या खोक्यांतून नेतात, आणि पावसात खोकी विरघळतात. गेल्या महिन्यात जायफळवाले स्वतः बोटीनं आले. उथळ समुद्रात तीनदा उलटी झाली त्यांना. हॅट हातात घेऊन म्हणाले, "कॉस्मस बाळा, समितीनं एकमतानं ठराव केलाय. पेटाऱ्याची फेरनिवड झाली."

कॉस्मस होडीला डांबर लावत होता. वर न बघताच म्हणाला, "कुठल्या बेटाच्या वाट्यातून, साहेब?"

जायफळवाले माझ्यावर बसले. बोटांवर बेटं मोजायला लागले. उत्तर अजून सापडलेलं नाही. उठताना आधारासाठी त्यांनी माझ्या फटीत हात घातला.

चौदा नव्हे हो. पंधरा अधिकारी. मघाशी मोजताना चुकलो.

परत या कधीही. इथं पहिल्यांदा कुठलं बेट ते विचारत नाहीत, जेवलात का ते विचारतात. माझ्यावर बसा, ग्लोव्हज बघा, कोंबडी असेल तर तिला उठवू नका. फक्त बोटं सांभाळा.